प्रतिसाद: इनू आणि इनुइट वेगळे

कॅनडातले इनू हे आदिवासी लोक म्हणजे इनुइटच असं कुणी म्हटलं, तर ते खोडून काढायलाच हवं. दोघेही पूर्व कॅनडातल्या लॅब्राडोर-क्यूबेकच्या भागात राहतात, नावंही सारखी वाटतात, पण भाषांची कुळं पूर्ण वेगळी. इनूंची भाषा इनू-आइमुन ही अल्गाँक्वियन कुळातली. क्री आणि अतिकामेक या भाषा तिच्या सख्ख्या बहिणी. जुन्या पुस्तकांत ज्यांना मोंतान्ये किंवा नास्कापी म्हटलंय, त्यांतले बहुतेक लोक हेच.

मला त्यांचं व्याकरण फार आवडतं. आपल्यासारखी तीन लिंगं नाहीत. सजीव आणि निर्जीव असे दोनच वर्ग, आणि क्रियापदही त्यानुसार बदलतं. कॅरिबू (उत्तरेकडचं रेनडिअर हरीण) दिसला तर 'पाहणे'चं रूप एक, तंबू दिसला तर दुसरं. 'मिश्तिकु' उभं झाड असेल तर सजीव, तोडलेलं लाकूड असेल तर निर्जीव! आपल्याकडे दोन्ही नपुंसकलिंगीच: 'ते झाड', 'ते लाकूड'.

इनू-आइमुनचा वापर का घसरतोय याची चर्चा करताना मात्र नुसत्या शाळा आणि टीव्हीकडे बोट दाखवून भागत नाही. शिकारीचे, बर्फाचे, नदीचे असंख्य शब्द रानातल्या तळांवर मुलांच्या कानी पडत. पण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लॅब्राडोरमधल्या चर्चिल फॉल्स वीजप्रकल्पासाठी मिशिकामाउ तलाव आणि भोवतालची शिकारीची जमीन पाण्याखाली गेली. इनूंना कुणी विचारलंही नाही. त्यांच्या होड्या, सापळे, थडगी, सगळं बुडालं. हे मला अक्षम्य वाटतं.

तरीही बऱ्याच वस्त्यांत आजही घरात इनू-आइमुनच बोलतात. ऐकायची असेल तर काश्तिन या जोडीची गाणी लावा.