विषय: वरचा पॅसेज कुठून काढायचा? गुरुवारपर्यंत ठरवायचंय

प्रेषक: मृणाल

मंडळी, घर मागे वाढवायचा तिसरा नकाशा काल हातात आला. आधीच्या दोन्हींचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, परत उगाळत नाही. खालच्या मजल्याबद्दल आता काही म्हणणं नाही. मागची भिंत काढायची, ४ मीटर मागे वाढवायचं, स्वयंपाकघर आणि जेवायची जागा एकत्र. अडलंय ते वर.

वर मागच्या बाजूला दोन खोल्या: मोठी ३.७ बाय ३.३, तिच्यात दोघी मुली, छोटी २.७ बाय ३.३, तिच्यात सासूबाई. दोन्हींच्या खिडक्या मागच्याच भिंतीत. मागे मजला चढला की दोन्ही बुजतात, आणि नव्या भागात जायचं तर जुन्या खोलीतूनच. आर्किटेक्टनं छोट्या खोलीतून १ मीटरचा पॅसेज काढलाय. उरलेल्या १.६ मीटरच्या आंधळ्या पट्टीवर 'स्टडी' असं लिहिलंय. मोठ्या खोलीलाही खिडकी नाही. म्हणजे दोन खोल्या मिळवायला दोन खोल्या घालवायच्या. मोठ्या मुलीला स्वतःची खोली हवी म्हणून हा सगळा घाट घातला, आणि शेवटी खोल्या तेवढ्याच.

काल रात्री छोट्या खोलीत जमिनीवर चिकटपट्टी लावून पॅसेज आखला. मोठी कपड्यांची टोपली घेऊन निघाली, समोरून धाकटी आली, आणि टोपलीची कड दोनदा कपाटाला घासली. कागदावर १ मीटर पुष्कळ वाटतं.

गुरुवारी आर्किटेक्टला उत्तर द्यायचंय, शुक्रवारपासून ते रजेवर. पॅसेजचं सांगा, बाकी नंतर बोलू.

—

प्रेषक: निखिल

मृणालताई, पॅसेज हवाच कशाला? नव्या भागातच दुसरा जिना घ्या, स्वयंपाकघरातून थेट वर. जुन्या खोल्यांना हातच लावायचा नाही.

—

प्रेषक: सुधाकरकाका

निखिल, हिशेब मांडल्याशिवाय जिना सुचवू नये, मागच्या वेळीही हेच म्हणालो होतो. मजल्याची उंची २.७ मीटर धर. १८ सेंटिमीटर उंचीचे १५ चढ, पाऊल ठेवायला २६ सेंटिमीटरच्या १४ पायऱ्या. लांबी झाली ३.६४ मीटर. (दोन चढ आणि एक पायरी मिळून ६० ते ६४ सेंटिमीटर भरलं की पाय अडखळत नाही. हे सूत्र फ्रान्सच्या ब्लोंदेलनं सतराव्या शतकात मांडलं. इथं ६२ येतात, म्हणून हीच मापं घेतली.) रुंदी ९० सेंटिमीटर घेतलीस तरी खाली ३.३ चौरस मीटर गेले, वरही जवळपास तेवढेच, शिवाय वर पाऊल टेकवायची मोकळी जागा वेगळी. पाव खोली जिन्यातच संपली. आणि रात्री मुलीला ताप आला तर आईनं एक जिना उतरून, स्वयंपाकघर ओलांडून, दुसरा चढायचा?

मृणाल, जुन्या भिंतीचा पाया किती खोल आहे ते कोणी खणून पाहिलंय का? दोन मजल्यांचा भार आहे.

—

प्रेषक: प्रसाद

> जुन्या भिंतीचा पाया किती खोल आहे ते कोणी खणून पाहिलंय का?

काका, हे अगदी लाख बोललात. आमच्याकडे पाहिलं नव्हतं. जुनं घर बसायचं तेवढं कधीच बसून गेलेलं असतं, नवीन भाग बसायला आत्ता सुरुवात करतो. आमच्या ठेकेदारानं जुन्या विटांत दाते काढून नवीन विटा त्यात गुंतवल्या आणि वरून सलग गिलावा केला. पहिल्या उन्हाळ्यानंतर सांध्यावर केसाएवढा तडा दिसला. मी त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडवी रेघ मारून तारीख लिहिली. दर महिन्याला तडा रेघेच्या पुढे गेलेला असायचा, मग नवी रेघ, नवी तारीख. चौदा रेघा झाल्या. चौदाव्या महिन्यात त्यात पोस्टकार्डाची कड जायला लागली.

शेवटी सांध्यावरचा गिलावा वरपासून खालपर्यंत कापून तिथं लवचीक सीलंट भरलं, आतून एक उभी पट्टी लावली. आता हालचाल होते पण भिंत फाटत नाही. हे सुरुवातीलाच करता आलं असतं. जुनी आणि नवी भिंत धातूच्या सरकत्या पट्ट्यांनी धरायची, मध्ये उभा सांधा मोकळा ठेवायचा. मृणाल, नकाशात तो सांधा दाखवलाय का ते नक्की बघ.

—

प्रेषक: वैशालीताई

सांधा महत्त्वाचा आहे, पण प्रश्न पॅसेजचा होता, आणि नकाशाच्या बाबतीत मला बोलू द्या.

मृणाल, तुझ्या आर्किटेक्टनं दोन गोष्टी गृहीत धरल्यात. एक म्हणजे वरचा मजला खालच्याइतकाच रुंद हवा. दुसरी, पॅसेज छोट्या खोलीतूनच जायला हवा. दोन्ही सोडून दे.

मी तुझ्याकडे आले होते तेव्हा पाहिलंय, दोन्ही खोल्यांची दारं जिन्याच्या माथ्यावर शेजारीशेजारी आहेत. पॅसेज मोठ्या खोलीतून काढ, दोघींच्या मधल्या भिंतीला लागून. मोठी खोली २.६ बाय ३.३ उरेल, म्हणजे आजच्या छोट्या खोलीएवढी. आता वरचा नवा भाग फक्त छोटी खोली आणि हा पॅसेज यांच्याच मागे बांध. बाहेरून साधारण ४.४ मीटर रुंद होईल. घराची पूर्ण रुंदी ७.१ आहे, म्हणजे मोठ्या खोलीमागची २.७ मीटर भिंत उघडी राहते आणि तिची खिडकी तिथंच सरकवून बसते. नवी खोली आतून ३.८ बाय ३.७, घरातली सगळ्यांत मोठी.

राहिली छोटी खोली. तिची मागची खिडकी जाणारच. पण ती कोपऱ्यातली खोली आहे, बाजूची भिंत मोकळी आहे, तिथं खिडकी काढ. पुढची धरून वर आज तीन खोल्या आहेत, उद्या चार होतील. स्टडी नावाचं कपाट नको.

—

प्रेषक: निखिल

बाजूच्या खिडकीतून शेजाऱ्यांच्या घरात थेट नजर जाणार. ते हरकत घेतील.

—

प्रेषक: वैशालीताई

निखिल, समोर त्यांची आंधळी भिंत आहे की खिडकी, ते आधी बघायचं. खिडकी असेल तर खालच्या भागाला दुधी काच, आणि उघडणारी झडप डोळ्यांच्या उंचीच्या वर. उजेड आणि हवा दोन्ही मिळतात.

वरचा मजला अरुंद केल्याचा आणखी एक फायदा कुणी बोलत नाहीये. खाली ४ मीटर नवीन आणि ३.३ मीटर जुनं मिळून ७.३ मीटर खोल जागा होते. खिडकीचा माथा जमिनीपासून २.१ मीटरवर असेल तर कामाचा उजेड त्याच्या दुप्पट ते अडीचपट आत पोचतो, म्हणजे ४ ते ५ मीटर. पलीकडची जेवायची जागा दिवसाढवळ्या दिव्यावर चालणार. वर पूर्ण रुंदीचा मजला आला तर त्यावर काही उपाय उरत नाही. मोठ्या खोलीमागचं छप्पर मोकळं राहिलं तर तिथं जुन्या भिंतीला लागून छतात काच बसवता येते, थेट टेबलावर उजेड. मी काम केलेल्या एका घरात ही काच राहून गेली होती. त्या घरच्या आजी भर दुपारी तांदूळ निवडायला ताट घेऊन पुढच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसायच्या. तेव्हापासून मी हे माप आधी काढते.

एक काळजी घे. हे खालचं छप्पर मोठ्या खोलीच्या खिडकीखाली संपलं पाहिजे. सपाट दिसणाऱ्या छपरालाही ४० ला १ उतार लागतो, ४ मीटरला १० सेंटिमीटर. जिथं ते भिंतीला टेकतं तिथं पत्रा किमान १५ सेंटिमीटर भिंतीवर वळवायचा, आणि खिडकीची कड त्याच्याही वर हवी.

—

प्रेषक: सुधाकरकाका

वैशाली, आखणी छान आहे, खोल्यांचा हिशेब पटला. पण तुझी ४.४ मीटरवरची बाजूची भिंत खाली कशावर उभी आहे? खाली सलग स्वयंपाकघर आहे. म्हणजे त्या भिंतीखाली पुढून मागे ४ मीटरचा लोखंडी बीम आला. त्याचं मागचं टोक नव्या भिंतीवर बसेल, ते ठीक. पुढचं टोक येतं जुन्या मागच्या भिंतीच्या जागी टाकलेल्या बीमवर, आणि तो साडेसहा मीटर मोकळा आहे. त्यानं आधीच वरची जुनी भिंत आणि छप्पर पेललंय. त्यावर आता मधोमधच्या जवळ नवीन भिंतीचा आणि छपराचा सगळा भार एका ठिकाणी. एकच पर्याय, त्या जागी खाली खांब घ्या. साडेसहाचा गाळा दोन तुकड्यांत वाटला जाईल, बीम हलका होईल, आणि छतात लपवताही येईल.

—

प्रेषक: वैशालीताई

काका, स्वयंपाकघराच्या मधोमध खांब? तिनं ती भिंत मोकळ्या जागेसाठीच काढायला घेतली. बीम जड घ्या ना.

—

प्रेषक: सुधाकरकाका

जड घेता येईल. पण नुसतं मोडणार नाही एवढंच बघून चालत नाही, वाकणंही बघावं लागतं. लांबीच्या ३६०व्या भागापर्यंत वाक चालतो असा साधारण नियम आहे. साडेसहा मीटरला १८ मिलिमीटर झाले. त्याहून जास्त वाकलं तर वरच्या जुन्या भिंतीचा गिलावा तडकतो, दारं चौकटीत घासायला लागतात. ते टाळायचं तर बीम इतका खोल होतो की छताच्या खाली लोंबतो. नकाशा तुझा, पण भार वाहून न्यायचा रस्ता मला दाखवू दे. बत्तीस वर्षं तेच केलंय.

—

प्रेषक: अनघा

खांब ओट्याच्या टोकाला घ्या आणि उंच कपाटात गुंडाळा, दिसणार नाही. आमच्याकडे तसाच आहे, येणाऱ्याला कळतही नाही.

मला वेगळीच काळजी आहे. मृणाल, वरच्या संडासाचा उभा पाइप मागच्या भिंतीला बाहेरून आहे ना? बांधकाम झालं की तो घराच्या आत येतो, स्वयंपाकघरात. आमचा आला. नुसती फळीची पेटी करून झाकला होता. जेवताना वर कुणी फ्लश केलं की सगळी गप्प व्हायची, इतका आवाज. दोन वर्षांनी पेटी उघडून रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) भरलं, वरून जिप्सम बोर्डाचे दोन थर लावले, तेव्हा कुठे शांत झालं. आधीच करून घे. आणि नवीन संडास घेणार असशील तर त्या पाइपाजवळच घे. आडव्या पाइपालाही ४० ला १ उतार लागतो, लांब गेलीस तर वाटेतल्या तुळया कापायला निघतील. मागच्या अंगणातलं ड्रेनेजचं चेंबर नव्या जमिनीखाली येतंय का तेही बघ. ते पाया खणायच्या आधी हलवायचं.

—

प्रेषक: प्रसाद

अनघा, चेंबरचं मी लिहिणारच होतो. मृणाल, खड्डा खणशील तेव्हा फोटो काढून इथं टाक, काकांना पाया बघता येईल.

—

प्रेषक: मृणाल

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी चिकटपट्ट्या उचलून मोठ्या खोलीत लावल्या. १.१ मीटर रुंद आखला, कारण काका म्हणतात दोन्हीकडचा गिलावा होऊन ५ सेंटिमीटर सहज जातात. दोघी टोपलीसकट समोरासमोर गेल्या, कुणी भिंतीला लागलं नाही. खोली २.५ उरते. धाकटीनं पलंगाचं माप आणून ठेवून पाहिलं, तिला चालतंय, खिडकी तिच्याकडे राहते म्हणून.

बाजूच्या भिंतीसमोर शेजाऱ्यांची आंधळी भिंत आहे, मधला बोळ २.४ मीटर. तरी मी त्यांना स्वतः जाऊन नकाशा दाखवला. खिडकीची काही हरकत नाही. त्यांना काळजी होती ती नव्या छपराच्या पाण्याची. पन्हळ आपल्या हद्दीतच उतरवणार असं सांगितलं. सासूबाईंना बोळाकडचा उजेड आवडेल का हे त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, सकाळचं ऊन त्याच बाजूनं येतं, मागच्या खिडकीतून कधी आलंच नाही. इतकी वर्षं आम्ही कुणीच ते पाहिलं नव्हतं.

खांब ओट्याच्या टोकाला घेते. वैशालीताई, तुमचं ४.४ चं रेखाटन आजच आर्किटेक्टला पाठवते, चालेल ना? काका, शनिवारी सकाळी जुन्या भिंतीपाशी खड्डा खणतोय. तुम्ही याल का? कुदळ, फावडं आहे, लांब टेप मात्र लागेल.

—

प्रेषक: सुधाकरकाका

येतो. टेप आणि ओळंबा दोन्ही आणतो. मी पोचेपर्यंत भिंतीच्या कोपऱ्यात खणू नका. तिथं पायावर दोन्ही भिंतींचा भार असतो. मध्यावर, एक हातभर रुंदीचाच खड्डा घ्या.