मदत हवी आहे: बीए सेट (पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि मास्क) लावून धुरात शिरलं की जीव घाबरा होतो

दाभोळखाडी: अग्निशमन दलात नवीन आहे. शिडीवर, बाहेरून पाणी मारताना काही होत नाही. बीए लावून धुरात शिरलं की छाती धडधडते, मास्क ओढून काढावासा वाटतो. पुढच्या आठवड्यात धुराच्या खोलीतला सराव आहे. ‘सवय होईल’ सोडून काहीतरी सांगा.

जयगड दीपस्तंभ: अर्धीच माहिती दिलीत. सिलिंडर कोणता? धडधड दारातच सुरू होते की आत गेल्यावर? काच धुरकटते का? दाढी, चष्मा?

भाट्ये: रोज सकाळी अनुलोम-विलोम करा. महिनाभरात फरक पडेल.

लोटे माळ: मास्क लावल्यावर नाकपुडी कशी दाबणार? त्यापेक्षा भ्रामरी कामाची. श्वास नेहमीसारखा घ्यायचा, सोडताना ‘म्ऽऽ’ करत सावकाश सोडायचा. घाबरलेला माणूस श्वास पुरता न सोडताच पुढचा ओढतो, म्हणून सेट व्यवस्थित हवा देत असूनही ती पुरत नाहीसं वाटतं.

हिशेब बघा. ६ लिटरचा सिलिंडर ३०० बार दाबाला भरला तर साधारण १८०० लिटर हवा. हवा संपत आल्याची शिट्टी ५० बारच्या आसपास वाजते, तोवर वापरायला १५००. मिनिटाला ४० लिटर लागली तर सदतीस मिनिटं. धापा टाकत ८० वर गेलात तर एकोणीससुद्धा नाहीत.

दाभोळखाडी: ६ लिटर, ३०० बारच आहे. दारात ठीक असतो, आत गेल्यावर होतं. काच धुरकटते, पण या उकाड्यात सगळ्यांचीच धुरकटत असणार. चष्मा नाही. दाढी अगदी बारीक आहे.

जयगड दीपस्तंभ: हे आधी सांगायला हवं होतं! उकाड्यावर ढकलू नका. नाकावरचा आतला कप नीट बसला नाही की सोडलेला श्वास काचेवर जातो. दिसेनासं झालं की जीव घाबरणारच. आधी हनुवटी मास्कमध्ये बसवा, मग खालचे दोन्ही पट्टे एकदम, सरळ मागे ओढा, नंतर वरचे. तरीही धुरकटली तर कपाचा साइझ बदलून मागा.

आणि दाढी काढाच. खुंटांमुळे सील बसत नाही, हवा बाहेर निसटते. तपासायचं असेल तर मास्क लावून सिलिंडरची चावी बंद करा, श्वास रोखा, दाबाचं गेज बघा. काटा घसरला की गळती आहे.

कातळवाट: आमच्याकडे काजूच्या बागेत वणवा आला की पोरं फांद्या घेऊन चढावर पळतात. दुपारी खारा वारा सुटला की आग चढावर माणसापेक्षा वेगाने जाते. जळून गेलेल्या बाजूने आत शिरा.

भाट्ये: धागा बीएचा आहे हो.

जुना बंदर: या सगळ्यापेक्षा अंगात धमक हवी. १४ एप्रिलला, अग्निशमन सेवा दिनाला, मानवंदना कुणाला देतो आपण? १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात जवान मागे हटले नाहीत.

लोटे माळ: त्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर कापसाबरोबर दारूगोळा होता. त्या जवानांच्या हिमतीबद्दल शंकाच नाही, पण काय जळतंय ते आधी कळायलाच हवं. आमच्याकडे आगीची वर्दी मिळाली की पहिला प्रश्न तोच: टाकीत कोणतं रसायन? न कळलेल्या गोष्टीची भीती सगळ्यात जास्त.

भीती लपवणारा जोडीदार मला आत नको. आत शिरायच्या आधी दोघांत एक शब्द ठरवा, ‘बाहेर’ म्हणा. कुणीही तो उच्चारला की दोघंही निघायचं, कारण विचारायचं नाही.

जुना बंदर: मग प्रत्येक जण दारातूनच परत येईल.

लोटे माळ: नाही येत. परतीची वाट हाताला ठाऊक असली की माणूस पुढे जातो. पाण्याचा होज सोडायचा नाही. अंधारात होजच्या जोडावर हात फिरवा: लग, म्हणजे उंचवटे, असलेलं कपलिंग पंपाच्या बाजूला, गुळगुळीत आगीच्या बाजूला. लगच्या दिशेने सरकत गेलात की बाहेर.

दाभोळखाडी, आठवडा आहे ना? आधी उजेडात, अंगणात मास्क लावून नुसते चाला. मग काचेवर काळं फडकं बांधून, जोडीदार बरोबर घेऊन, होज चाचपत रांगा. दर फेरीआधी आणि नंतर गेज वहीत लिहा. तेवढ्याच अंतराला कमी बार खर्च व्हायला लागले की धुरात जा, आधी नको.

दाभोळखाडी: गेज आजवर फक्त शिट्टीच्या वेळी बघायचो. दाढी आज काढतो. कपाचे साइझ स्टोअरमध्ये नसतील तर?

जयगड दीपस्तंभ: मास्कच्या आत कपावर एस, एम, एल असं छापलेलं असतं. तेवढं आणि मास्कचं मॉडेल लिहून स्टेशन ऑफिसरांकडे अर्ज द्या. तोवर दुसऱ्यांचे मास्क लावून कुठला बसतो ते बघा. आणि ड्युटी संपल्यावरही धडधड राहिली, झोप उडाली, तर १४४१६ वर टेली-मानसला, सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन करा. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

कातळवाट: बागेभोवती जाळरेषा (वणवा अडवायला मोकळा ठेवलेला पट्टा) किती रुंद ठेवता कोणी?