योसेफाने प्यालेबरदाराला शब्द टाकायला सांगितलं, हे चुकलं का?

नवापूरकर: रविवारी चर्चच्या तरुण संघात मला बायबलातल्या योसेफावर बोलायचंय, उत्पत्ति 39 ते 41, पण एका ठिकाणी गाडी अडकू राहिली. त्याचा मालक पोटीफर, त्याच्या बायकोने खोटा आळ घेतला, गडी आत गेला. मग सोबतचा कैदी, फारोला म्हणजे मिसरच्या राजाला प्याला देणारा प्यालेबरदार, सुटणार म्हटल्यावर हा त्याला म्हणतो की फारोकडे माझं नाव काढ अन् मला इथून सोडव. आमचे एक काका म्हणतात हाच त्याचा अविश्वास, माणसावर भरवसा ठेवला म्हणून अजून दोन वर्षं सडला. मला नाही पटत भो. माझ्या मामांवर खोटी केस होती, मामी दर तारखेला प्रार्थना करून निघायची अन् वकिलाच्या मागे पण लागायची, मग तिचा काय विश्वास कमी होता का?

तापीकाठ: असं शास्त्रात कुठंय? 40 व्या अध्यायाच्या शेवटी एवढंच आहे की प्यालेबरदार त्याला विसरला. चूक विसरणाऱ्याची अन् बोल योसेफाला! प्रेषित पौल फिलिप्पै शहरात तुरुंगात मध्यरात्री गाणी म्हणत होता, पण सकाळी अधिकारी म्हणाले गुपचूप जा तर हा म्हणे आम्ही रोमन नागरिक, चौकशी न करता फटके मारले, आता स्वतः येऊन बाहेर काढा.

धुळेकर: आमच्या धुळ्याच्या जेलात 1932 साली विनोबा गीतेवर बोलायचे, साने गुरुजी लिहून घ्यायचे. पण त्यांना आपण आत का आलो ते माहीत होतं, सोबतीला माणसं होती. योसेफ 17 चा असताना भावांनी विकला, फारोसमोर उभा राहिला तेव्हा 30 चा. मला तर ती सकाळ आवडते, स्वतः आत असून प्यालेबरदार अन् सोबतचा कैदी, फारोचा भटारी, त्या दोघांना विचारतो, आज तुमचे चेहरे का उतरले?

अमळनेरवाला: फक्त एक करा, धीर धरला की सुटका होतेच असं पोरांना सांगू नका. बाप्तिस्मा करणारा योहान सुटला नाही, त्याचं मुंडकं ताटात आलं. त्यानेही तुरुंगातून येशूला निरोप धाडला होता, येणारा तो तूच का आम्ही दुसऱ्याची वाट बघायची? येशू रागावला नाही, उलट लोकांपुढे त्याचं कौतुकच केलं.

नवापूरकर: योहान माझ्या डोक्यातच नव्हता, थँक्यू दादा. त्या सकाळपासूनच सुरू करतो मग. मामा सुटले, पण अजून रात्री फाटक वाजलं की उठून बसतात. मामी येणार आहे रविवारी, पुढच्याच बाकावर बसते ती.