जनरल जिमी डूलिटल: ४६७ फुटांत बी-२५ उडवण्याचं गणित काय होतं?

दुर्बीण
अमेरिकी वैमानिक जिमी डूलिटलवर लेख लिहायला घेतलाय. बहुतेक ठिकाणी १८ एप्रिल १९४२चा टोकियोवरचा हल्ला, 'धाडसी वैमानिक' आणि मेडल ऑफ ऑनर (अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक) एवढ्यावर विषय आटोपतात. माझं अडलंय ते असं: बी-२५ हे धावपट्टीवरून उडणारं दोन इंजिनांचं बॉम्बर जहाजावरून उडालं कसं? विमानात नेमकं काय बदललं? परत जहाजावर का उतरले नाहीत? आणि लेफ्टनंट कर्नलचा एकदम ब्रिगेडियर जनरल कसा? मुळात वायुदलातला माणूस 'जनरल' कसा?

नटबोल्ट
आधी पेट्रोल आणि वजन, कारण बाकीचं सगळं त्यातून निघतं.

बी-२५बीच्या मूळ टाक्यांत ६४६ अमेरिकन गॅलन मावायचे. टोकियोवर बॉम्ब टाकून पुढे चीन गाठायला ते अपुरे. म्हणून बॉम्बच्या कप्प्यात २२५ गॅलनची टाकी बसवली. त्या कप्प्यावरून माणसाने सरपटत मागे जायचा बोगदा असतो, त्यात १६० गॅलनची रबरी, घडी होणारी टाकी घातली. पोटाखालचा टरेट (फिरता तोफमंच) काढून त्या जागी ६० गॅलनची टाकी आली. वर ५-५ गॅलनचे १० डबे. बेरीज ११४१ गॅलन, म्हणजे सुमारे ४३०० लिटर. टाक्या गळायच्या, त्यामुळे हे काम बरंच चिघळलं.

वापरण्याचीही रीत ठरलेली होती. रबरी टाकी रिकामी झाली की दाबून चपटी करायची, आतली वाफ बाहेर घालवायची आणि मगच बोगदा मोकळा होणार. डबे रिकामे होतील तसे एकेक करून फेकायचे नाहीत. भोकं पाडून सगळे एकदम टाकायचे. नाहीतर समुद्रावर तरंगत्या डब्यांची रांग शत्रूला थेट जहाजाकडे घेऊन जाणार.

वजन घटवायला २३० पौंडांचा लांब पल्ल्याचा रेडिओ काढला. नॉर्डन बॉम्बसाइटही (बॉम्बचा नेम धरायचं यंत्र) काढली: १५०० फुटांवरून तिचा उपयोग नाही आणि गुपित शत्रूच्या हाती पडायला नको. तिच्या जागी कॅप्टन ग्रीनिंगने अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची साधी साइट बनवली, खर्च २० सेंट. शेपटीत तोफा नव्हत्याच, तिथे रंगवलेले झाडूचे दांडे लावले! बॉम्ब प्रत्येकी ५०० पौंडांचे चार. सगळं धरून उड्डाणाचं वजन ३१,००० पौंडांच्या आसपास.

आता डेक. बी-२५चा पंखविस्तार साडेसदुसष्ट फूट, त्यामुळे हॉर्नेट या विमानवाहू जहाजाच्या लिफ्टमधून ते खाली नेता येत नव्हतं. १६ विमानं डेकच्या मागच्या टोकाला दाटीवाटीने बांधली, म्हणून सगळ्यात पुढच्या, म्हणजे डूलिटलच्याच विमानाला सगळ्यात कमी जागा: ४६७ फूट. हॉर्नेटची स्वतःची लढाऊ विमानं खाली अडकलेली. म्हणून संरक्षणाला एंटरप्राइझ हे दुसरं विमानवाहू जहाज सोबत होतं.

जहाज पूर्ण वेगात वाऱ्याच्या तोंडी चालवलं. समोरचा वारा आणि जहाजाचा वेग मिळून ताशी ५० मैलांच्या पुढे, म्हणजे ब्रेक सुटण्याआधीच पंखांवर तेवढी हवा आलेली. डेकवर दोन पांढऱ्या रेघा, एक डाव्या चाकासाठी, एक नाकाच्या चाकासाठी. त्या सोडल्या नाहीत तर उजवा पंख जहाजाच्या मनोऱ्यापासून सहा फुटांवरून जातो. फ्लॅप (पंखांमागच्या, उचल वाढवणाऱ्या झडपा) पूर्ण खाली, कॉलम (नाक वर-खाली करायचा दांडा) मागे, थ्रॉटल (इंजिनाची ताकद) पूर्ण, आणि नौदलाच्या अधिकाऱ्याने झेंडी दिली की ब्रेक सोडायचे. झेंडी मिळायची जहाजाचं नाक खाली जाताना, म्हणजे विमान टोकाला पोचेपर्यंत डेक वर उचललेला असेल. वैमानिक टेड लॉसनचं विमान फ्लॅप वर असतानाच सुटलं. डेक संपल्यावर ते पाण्याकडे झुकलं, पण सावरलं.

परत उतरायला विमानाला अडकवणारा हूक नव्हता आणि एवढ्या वजनाचं धूड त्या डेकवर थांबलंही नसतं. वाट बघत थांबणं जहाजांनाही परवडणारं नव्हतं. सोळावं विमान उडताच ती माघारी वळली.

कंपास
वरच्याला जोड. ही कल्पना डूलिटलची नव्हे, नौदलाच्या कॅप्टन फ्रान्सिस लो यांची. २ फेब्रुवारी १९४२ला नॉरफोकजवळ हॉर्नेटवरून दोन बी-२५ उडवून पाहिली गेली होती. नंतर फ्लोरिडात एग्लिनला नौदलाच्या लेफ्टनंट हेन्री मिलरने लष्करी वैमानिकांना आखूड उड्डाण शिकवलं. लष्करी सवय अशी की वेग भरपूर आल्यावर विमान उचलायचं. इथे स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल संपण्याच्या, काठावर उचलायचं होतं.

बिघडलं कुठे? जपानच्या पहाऱ्याच्या बोटीने सकाळी जहाजं पाहिली. म्हणून ठरल्याच्या सुमारे १० तास आधी, किनाऱ्यापासून ६५० सागरी मैलांवरून उडावं लागलं. रात्रीचा हल्ला भरदिवसा झाला, आणि चीनमध्ये उजेडात उतरायचं ते काळोखात, पावसात. जहाजाने रेडिओ-मौन पाळलं, त्यामुळे विमानं लवकर निघाल्याची वर्दी चीनला गेलीच नाही आणि धावपट्टीचा दिशादर्शक रेडिओही लागला नाही. पाठीशी वारा मिळाला नसता तर बरीच विमानं समुद्रातच गेली असती. १५ विमानं चीनमध्ये किंवा किनाऱ्यालगत पडली. उरलेलं एक, वैमानिक यॉर्कचं, सोव्हिएत रशियातल्या व्लादिवोस्तोकजवळ उतरलं. त्याचे कार्बोरेटर (इंजिनात पेट्रोल आणि हवा मिसळणारे भाग) सॅक्रामेंटोच्या डेपोत परस्पर बदलले गेले होते आणि ते भलतंच पेट्रोल पीत होतं. पेट्रोल कमी लागावं म्हणून एग्लिनला पातळ मिश्रणावर जुळवलेलं सगळं काम त्या एका विमानापुरतं पाण्यात गेलं.

८० जणांपैकी तिघे उतरतानाच गेले, आठ जपान्यांच्या हाती लागले. त्यांतल्या तिघांना ऑक्टोबरमध्ये गोळ्या घातल्या, एक कैदेत मेला. आणि लेखात हे वगळू नका: वैमानिकांना लपवणाऱ्या झेजियांग-जिआंगशी भागातल्या चिनी गावांवर जपानी सैन्याने सूड उगवला, त्यात मेलेल्यांची संख्या फार मोठी आहे.

दुर्बीण
म्हणजे धाडसापेक्षा हिशेब जास्त. हे त्याने कुठे शिकलं?

पानकोबा
'हिशेबी जोखीम' हा त्याचा आयुष्यभराचा धंदाच होता. जन्म १८९६, कॅलिफोर्नियातलं अलामेडा, बालपण अलास्कातल्या नोममध्ये. पहिल्या महायुद्धात तो अमेरिकेतच प्रशिक्षक राहिला. १९२२मध्ये डीएच-४ विमानाने फ्लोरिडाहून सॅन दिएगो, मध्ये एकच थांबा, २१ तास १९ मिनिटं. मग एमआयटीत १९२५ला डॉक्टरेट. त्याआधी फोकर विमानाला अॅक्सिलरोमीटर (त्वरण मोजायचं यंत्र) लावून, ते मुद्दाम झोडपून, पंखांवर प्रत्यक्षात किती भार येतो ते मोजलं होतं. १९२५ला श्नायडर ट्रॉफी ही समुद्री विमानांची शर्यत जिंकली.

माझ्या मते सगळ्यात मोठं काम मात्र २४ सप्टेंबर १९२९चं, मिचेल फील्डवरचं. मागच्या कॉकपिटवर झाकण, बाहेरचं काही दिसत नाही, पुढे बेन केल्सी फक्त गरज पडली तर. स्पेरीचं कृत्रिम क्षितिज, दिशादर्शक जायरो, कोल्समनचा संवेदनशील अल्टिमीटर (उंचीमापक) आणि रेडिओ बीकन (दिशा दाखवणारा रेडिओ). कंप पावणाऱ्या दोन पट्ट्या सारख्या दिसल्या की विमान मार्गावर. उतरताना चाकं टेकेपर्यंत ठरावीक वेग आणि ठरावीक उतार कायम. पंधरा मिनिटांत उड्डाण, फेरी, उतरणं. आज ढगांतून विमान उतरतं त्याची सुरुवात तिथली.

१९३०मध्ये तो शेल कंपनीत गेला आणि १०० ऑक्टेन पेट्रोल बनवायचा हट्ट धरला. तेव्हा त्याला गिऱ्हाईक नव्हतं. युद्धात त्याच पेट्रोलवर इंजिनांना जास्त बूस्ट (दाबून भरलेली हवा, म्हणजे जास्त ताकद) देता आला.

कंपास
पदांबद्दल. तेव्हा स्वतंत्र वायुदल नव्हतं, विमानं लष्कराचाच भाग. म्हणून हुद्देही लष्करी. आपल्याकडच्या मोजमापात ब्रिगेडियर जनरल म्हणजे एअर कमोडोर, मेजर जनरल म्हणजे एअर व्हाइस मार्शल, लेफ्टनंट जनरल म्हणजे एअर मार्शल. हल्ल्यानंतर खुद्द डूलिटलला कोर्टमार्शलची धास्ती होती, १६ची १६ विमानं गेली ना! झालं उलटंच: कर्नल ओलांडून ब्रिगेडियर जनरल, आणि मे महिन्यात रूझवेल्टच्या हस्ते मेडल ऑफ ऑनर. नुकसान फार झालं नव्हतं, पण जपानचं आकाश अभेद्य नाही हे दिसलं.

नटबोल्ट
पुढचा डूलिटल लोक विसरतात. जानेवारी १९४४मध्ये इंग्लंडमधल्या आठव्या वायुसेनेचं नेतृत्व इरा ईकरकडून त्याच्याकडे आलं. तोवर लढाऊ विमानांनी बॉम्बरांना चिकटून राहायचं. त्याने ती मोकळी सोडली: पुढे जा, जर्मन विमानं हवेत आणि धावपट्टीवर शोधून पाडा. बॉम्बरवाल्यांना हे अजिबात रुचलं नाही. पण जर्मन वैमानिकांची फळी यानेच मोडली, असं माझं ठाम मत.

हे जमलं कारण पी-५१ या लढाऊ विमानाकडे पल्ला होता. पंखांत १८४ गॅलन, पायलटमागे ८५, शिवाय पंखांखाली हवेत सोडून देता येणाऱ्या दोन टाक्या, ७५ किंवा १०८ गॅलनच्या. मागची टाकी भरलेली असताना गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि वळणात विमान बेभरवशी होतं. म्हणून ती आधी अर्ध्याहून खाली उतरवायची, मग बाहेरच्या टाक्यांवर जायचं.

घरी परतण्याआधी बॉम्बर दळांना कराव्या लागणाऱ्या हल्ल्यांच्या फेऱ्या त्याने २५वरून ३० केल्या. दळांत नाराजी पसरली. त्याचं म्हणणं, माणूस कामात तरबेज होतो तेव्हाच तुम्ही त्याला घरी पाठवता.

मार्च १९४४मध्ये लेफ्टनंट जनरल, तोही राखीव दलातला अधिकारी असताना. चौथा तारा, म्हणजे पूर्ण जनरलचा हुद्दा, मिळाला १९८५मध्ये, निवृत्तांच्या यादीवर. तेव्हा वय ८८.