लग्नानंतर नाव बदलायचं नाहीये, पुढे कागदपत्रांत अडतं का?

लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवीन नाव लिहिलं तेव्हा विधी म्हणून गप्प बसले, पण आता सासूबाई गॅझेट करून आधारवरही तेच लाव म्हणतायत. घरात सगळे त्याच नावाने हाक मारतात आणि मला ओ द्यायला दोन सेकंद लागतात, खरंच त्रास होतो. डिग्री, पॅन, पासपोर्ट, मॅरेज सर्टिफिकेट सगळं माहेरच्या नावावर. कायद्याने सक्ती नाही हे सांगून झालं, नवराही समजावून थकला. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे आत्ता कर नंतर बघू हे नकोय. त्यांचं म्हणणं, बाळाच्या जन्मदाखल्याला आणि जॉइंट होमलोनला अडेल. ज्यांनी नाव-आडनाव तसंच ठेवलंय त्यांच्याकडे तिथे नक्की कुठले कागद मागितले, मॅरेज सर्टिफिकेट पुरलं का?