मदत हवी आहे : दोन सुलकाटा कासवे एकाच अंगणात ठेवता येतील का?

नमस्कार. जुळे सोलापुरात आमचे स्वतंत्र घर आहे आणि मागच्या बाजूस साधारण ४० फूट लांब व २२ फूट रुंद असे मोकळे अंगण आहे. तेथे गेली नऊ वर्षे नाना नावाचे आफ्रिकी सुलकाटा जातीचे कासव राहते. नाना नर आहे याविषयी आता शंका उरलेली नाही; शेपूट लांब आहे, पोटाकडचे कवच आत दबलेले आहे, आणि त्याला उचलून वजनकाट्यावर उभा राहिलो की माझे ७१ किलो वजा जाता १४ किलो उरतात.

मागच्या महिन्यात पुण्याचा भाचा नोकरीसाठी परदेशी गेला आणि त्याचे पाच वर्षांचे सुलकाटा आमच्याकडे आले. त्याचे नाव चिंगी. नाव मुलीचे असले तरी ती मादी आहे असे कोणीही खात्रीने सांगितलेले नाही, कारण या जातीत कवच १४ इंचांच्या आसपास जाईपर्यंत नर-मादी ओळखणे अवघड असते आणि चिंगी अजून साडेनऊ इंचांवर आहे. ही जात साइट्स कराराच्या (धोक्यातील वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये येत असल्यामुळे दोघांचीही नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर आहे आणि चिंगीच्या हस्तांतराची माहितीही तेथे दिलेली आहे, तेव्हा कृपया चर्चा त्या दिशेला नेऊ नये.

घरात सर्वांचे म्हणणे एकच होते की, इतकी वर्षे एकट्याने काढलेल्या नानाला आता सोबत मिळाली. चिंगीला बारा दिवस जिन्याखाली वेगळे ठेवून एका रविवारी सकाळी आठच्या सुमारास मी तिला शहाबादी फरशीवर, नाना ऊन घेत बसतो तेथून दहा फुटांवर सोडले. नानाने मान लांब केली, तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि डोके खालीवर हलवू लागला. तो ओळख करून घेत आहे, असे समजून मी मोबाइलवर चित्रीकरणही सुरू केले. तेवढ्यात त्याने डोके आत ओढले आणि सगळे अंग पुढे झोकून तिला कडेवर धडक दिली. गच्चीवर कुरडया वाळत घालत असलेल्या पत्नीने वरूनच विचारले की, फरशी कोण फोडत आहे. तिसऱ्या धडकेला त्याने हनुवटीखालून पुढे आलेले कवचाचे टोक तिच्या कवचाखाली घातले आणि तिला सरळ उताणी केली. मी समोर होतो म्हणून तिला लगेच उचलले. सोलापूरच्या या उन्हात तापलेल्या फरशीवर ती तशीच अर्धा तास पडून राहिली असती तर काय झाले असते, याचा विचारही करवत नाही.

आठवड्याने पुन्हा प्रयत्न केला, या वेळी संध्याकाळी आणि दोघांचे पोट भरल्यावर. धडका झाल्या नाहीत. रात्री विजेरी घेऊन पाहिले तर दोघे नानाच्या बिळात अंगाला अंग लावून बसले होते. तो फोटो भाच्याला पाठवला, त्याला आनंद झाला आणि मीही निश्चिंत झालो. सकाळी मात्र चिंगी बिळाच्या तोंडाशी भिंतीकडे तोंड करून बसलेली आढळली, समोर टाकलेल्या हरळीला तिने तोंडही लावले नाही, आणि नाना तिच्या वाटणीची हरळी खात उभा होता.

तेव्हापासून मध्ये तारेची जाळी लावली आहे. नाना सकाळभर त्या जाळीला लागून येरझारा घालतो. त्याचे नाक तारेला घासून सोलवटले आहे. चिंगी जाळीपासून दूरच्या कोपऱ्यात बसते. ती आली तेव्हा तिचे वजन २ किलो ८१० ग्रॅम होते, आज २ किलो ६९० भरले. नातेवाईक म्हणतात की, हळूहळू सवय होईल. मला विचारायचे आहे ते असे की, ही सवय खरोखर होते का, झाल्यास ती कशी लावावी, आणि एका बिळात चिकटून बसणे हे स्नेहाचे लक्षण मानावे की नाही. एका गृहस्थांनी तिसरे कासव आणल्यास भांडण विभागले जाईल असे सुचवले आणि भारतातच आढळणारे तारा कासव मिळवून देण्याची तयारीही दाखवली. ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि घरात ठेवता येत नाही, हे सांगून मी तो विषय तेथेच संपवला.

प्रतिसाद

आपण सर्व वजनांसह लिहिले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी अनेक वर्षे सुलकाटा पाळत आहे आणि माझे मत स्पष्ट आहे : या दोघांना एकत्र ठेवू नये, आता नाही आणि पुढेही नाही.

सुलकाटाला सोबतीची गरज नसते. साहेलच्या, म्हणजे सहाराच्या दक्षिणेकडील पट्ट्याच्या, कोरड्या मैदानात दोन नर समोरासमोर आले तर हरणारा चालत निघून जातो आणि प्रकरण संपते. आपल्या अंगणात हरणाऱ्याला जायला जागाच नाही, म्हणून तो कोपऱ्यात बसतो, खाणे सोडतो आणि हळूहळू वाढ खुंटते. त्यातही दोन हा आकडा सर्वांत वाईट, कारण दांडगाईचा सगळा भार एकाच प्राण्यावर पडतो. एक नर आणि अनेक माद्या असा कळप मोठ्या आवारात नांदू शकतो, पण त्यासाठी आपले अंगण पुरणार नाही आणि चिंगी मादी आहे हेही ठरलेले नाही. ती नर निघाली तर आजच्या धडका किरकोळ वाटतील. बिळातल्या फोटोबद्दल सांगायचे तर, त्या दोघांना एकच उबदार जागा हवी होती. चिकटून बसणे हाही जागेवर हक्क सांगण्याचा एक प्रकार असतो.

जाळी आजच काढावी. पलीकडचा प्राणी दिसतो पण त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही, म्हणून नाना नाक सोलून घेत आहे. दोन फूट उंचीचा पत्रा किंवा विटांची भिंत घालावी आणि ती जमिनीखालीही फूट-दीड फूट न्यावी, कारण ही जात खणण्यात पटाईत असते. आपल्याकडच्या काळ्या मातीत बिळाचा भरवसा धरू नये. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि बीळ आतल्या कासवासह बसते. सिमेंटच्या ठोकळ्यांची बुटकी खोली बांधून तळाला मुरूम घालावा, आणि अशी खोली दोघांना स्वतंत्र हवी.

एक गोष्ट आपण ओझरती लिहिली आहे, पण मला तीच जास्त खटकली. बारा दिवसांचे विलगीकरण पुरेसे नाही. ते किमान तीन महिने, शक्यतो सहा महिने असावे. नवे कासव वरवर ठणठणीत दिसते आणि मायकोप्लाझ्मा (श्वसनाचा आजार करणारे जिवाणू) किंवा जंत घेऊन आलेले असते. दोघे एका परातीतले पाणी प्याले असतील तर दोघांचीही विष्ठा तपासून घ्यावी, आणि नाकातून पाणी किंवा फुगे येतात का ते रोज पाहावे. आधी नानाचे सर्व उरकावे, मग चिंगीकडे जावे, आणि मध्ये हात साबणाने धुवावेत. चिंगीला सकाळी वीस मिनिटे कोमट पाण्यात बसवून मग जास्वंदीची पाने आणि काटे काढलेला फड्या निवडुंग द्यावा. वजन मात्र पाण्यात बसवण्यापूर्वीच करावे, कारण पाणी प्यायल्यावर काटा आपल्याला खोटा दिलासा देतो.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. दोघे एकाच परातीतले पाणी प्याले होते, ती चूक माझीच आहे. विष्ठेच्या तपासणीत चिंगीला जंत निघाले, नानाच्या तपासणीत काही आढळले नाही. पशुवैद्यांनी तिच्या वजनाप्रमाणे औषध दिले असून महिन्याने पुन्हा तपासायला सांगितले आहे. एका भंगारवाल्याकडून जुने पत्रे आणून जाळीच्या जागी गाडले. पहिले दोन दिवस नाना पत्र्याला डोके लावून उभा राहिला, तिसऱ्या दिवशी नेहमीच्या फरशीवर येऊन बसला. काल चिंगीने जास्वंदीची सात पाने माझ्यासमोर संपवली आणि आज सकाळी, पाण्यात बसवण्याआधी, वजन २ किलो ७२० भरले.

आता राहिलेली अडचण जागेची आहे. सकाळचे ऊन पूर्वेकडच्या १२ फुटांतच नीट येते आणि तो भाग सध्या चिंगीला दिला आहे. नानाला ऊन साडेनऊनंतर मिळते, आणि थंडीत ते चालणार नाही. शिवाय ही जात पुढे ४० किलोंच्याही वर जाते, हे माहीत असताना १२ फुटांत तिला कायम ठेवणे मला पटत नाही. सोलापूर किंवा शेजारच्या जिल्ह्यात कोणाकडे भिंतीचे आवार असलेली शेतजमीन असेल, आधीचे कासव नसेल आणि नोंदणीची प्रक्रिया रीतसर पूर्ण करण्याची तयारी असेल, तर कृपया येथेच कळवावे. औषधाचा महिना आणि विलगीकरण पूर्ण झाल्याशिवाय मी तिला हलवणार नाही, तेव्हा घाई नाही.