एसएसबीचे क्लास: मुलं घडतात की बिघडतात?

रामबागची आई
माझा मुलगा गेल्या महिन्यात एसएसबीहून, म्हणजे सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या पाच दिवसांच्या चाचणीहून, परतला. पहिल्या दिवशी स्क्रीनिंग म्हणजे पहिली चाळणी पार केली, पाचव्या दिवशी कॉन्फरन्स आउट, म्हणजे शेवटच्या बैठकीत नापास. वाईट वाटलंच, पण लिहायला बसले ती बॅग आवरताना सापडलेल्या वहीमुळे. इंदूरच्या भंवरकुआंतल्या एका क्लासची वही, नाव घेत नाही. शब्दचाचणीचे (शब्द दिसला की मनात येईल ते वाक्य लिहायचं) शेकडो शब्द आणि प्रत्येकापुढे तयार इंग्रजी वाक्य. ‘फिअर’पुढे धैर्याने भीतीवर मात होते, ‘डार्क’पुढे अंधारानंतर पहाट होते. शेवटच्या पानावर कोऱ्या चित्राची, म्हणजे रिकामं कार्ड दाखवून स्वतःच्या मनाने लिहायला लावतात ती गोष्ट: पूर आला, नायकाने गावातली पोरं गोळा केली, बांबूचा पूल बांधला. त्या बॅचच्या साऱ्या मुलांना तीच गोष्ट दिली होती!

आमच्या पोराने पूर कधी पाहिलेला नाही. पण मागच्या पावसाळ्यात शेजारचे आजोबा रात्री दोनला कोसळले, तेव्हा रिक्षा शोधून त्यांना एमवाय हॉस्पिटलला नेणारा आणि सकाळपर्यंत बाकावर बसून राहणारा तोच होता. हे त्याने कुठेच लिहिलं नाही. क्लासमध्ये सांगितलं होतं, गोष्ट मोठी हवी. माझं स्पष्ट मत आहे, हे क्लास मुलांचं स्वतःचं असलेलं काढून घेतात.

चौथ्यांदा रेकमेंड
ताई, तुमच्या मुलाबद्दल खरंच वाईट वाटलं. पण क्लास नसता तर मी चौथ्या प्रयत्नात रेकमेंड, म्हणजे निवडला जाऊन, आज जॉइनिंग लेटरची वाट बघत नसतो. माझी शाळा हिंदी माध्यमाची, घरी मराठी. पहिल्या वेळी स्क्रीनिंगला चित्र ३० सेकंद दिसलं, ४ मिनिटांत गोष्ट लिहिली, इथवर ठीक. मग पंधराएक जणांचा गट चर्चेला बसला आणि मासळी बाजार सुरू झाला. माझ्या तोंडून दोन वाक्यं निघाली. दुपारी घरी.

सैनिक शाळेतला मुलगा, फौजीचा मुलगा, यांना हे वातावरण लहानपणापासून माहीत असतं. आम्ही फळी, बल्ली (लाकडी वासा) आणि दोर घेऊन अडथळा ओलांडायचा असतो हेसुद्धा क्लासमध्येच पहिल्यांदा पाहिलं. एनडीएत (बारावीनंतरची सैनिकी अकादमी) लेखीला ९०० गुण आणि एसएसबीलाही ९००. लेखीच्या क्लासला कोणी नावं ठेवत नाही, मग यालाच का?

महूवाले काका
अहो ताई, वही वाईट हे मान्य, पण निकालाचा सगळा दोष तिच्यावर टाकू नका. बोर्डावर माणूस तीन वाटांनी तपासतात: मनसा, वाचा, कर्मणा. मानसशास्त्रज्ञ त्याचं लिखाण वाचतो, मुलाखत घेणारा अधिकारी बोलणं ऐकतो, जीटीओ म्हणजे गटाच्या चाचण्या घेणारा अधिकारी मैदानावरचं वागणं बघतो. कॉन्फरन्सपर्यंत तिघं एकमेकांना आपलं मत सांगत नाहीत. कागदावर पूल बांधणारा मैदानात दोर पकडून गप्प उभा राहिला, तर पाठांतर तिथेच उघडं पडतं.

आणि वेळ बघा. ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद. त्यानंतर ६० प्रसंगांत काय कराल ते ३० मिनिटांत लिहायचं. विसाव्या शब्दानंतर पाठ केलेलं आठवत नाही, आतलंच बाहेर येतं. १९४३ साली देहरादूनला पहिलं बोर्ड बसलं ते याचसाठी, नुसत्या मुलाखतीने माणूस कळत नाही म्हणून.

बाळा, तुलाही एक सांगतो. तू चौथ्यांदा निघालास, म्हणजे निवडला गेलास, तो क्लासमुळे की मधल्या काळात मोठा झालास म्हणून, याचा विचार कर.

चौथ्यांदा रेकमेंड
काका, दोन्हीमुळे. पण बोलण्याची भीती क्लासनेच घालवली, ते श्रेय मी दुसऱ्या कोणाला देणार नाही.

बडवाहची ताई
मुलींना एनडीए २०२२ पासून खुलं झालं, मी तयारी करतेय. आमच्याकडे असा क्लास नाही आणि इंदूरला राहायचा खर्च झेपणार नाही. काका म्हणतात पाठांतर पकडलं जातं. मग क्लासवाली मुलं इतकी का निघतात?

महूवाले काका
बेटा, तुझ्या कानावर निघालेल्यांचीच नावं येतात. क्लासच्या फलकावर न निघालेल्यांचे फोटो नसतात.

रामबागची आई
काका, पाठांतर पकडलं जातं म्हणूनच तर माझा राग आहे. पकडला गेला माझा मुलगा. फी घेणारा पुढची बॅच भरतोय. चौथ्यांदावाल्या दादाचं बोलण्याच्या सरावाबद्दलचं म्हणणं मला पटलं, तेवढं मी मागे घेते. गटात बोलायला शिकवा, दोर कसा बांधायचा ते दाखवा, जरूर फी घ्या. पण १९ वर्षांच्या मुलाला तयार स्वभाव लिहून देऊ नका. काल मी त्याला विचारलं, आजोबांची गोष्ट का नाही लिहिलीस? म्हणाला, “आई, त्यात मी काय मोठं केलं?” हे त्याला त्या क्लासने शिकवलंय.

चौथ्यांदा रेकमेंड
ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. रविवारी सकाळी सातला नेहरू पार्कात आम्ही सहा-सात जण चर्चेचा सराव करतो. फी नाही, वह्या नाहीत. त्याला पाठवा. बडवाहच्या ताई, तुम्हीही या, सकाळच्या बसने पोहोचाल.